हापसा, बंब आणि साडेपाच किलोचं कॉफी मशीन

मागच्या एपिसोडमध्ये बोलता बोलता मी सांगून गेले, की माझ्या घरातलं कॉफी मशीन माझ्या आईपेक्षा जेमतेम पाच-सहा वर्षांनी लहान आहे. त्यावर तुमच्यापैकी काहींनी विचारलं, की त्यात पंप नाही तर प्रेशर येतं कुठून? आणि पोस्टडॉकच्या पगारात हे कसलं खूळ? पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. दुसऱ्याचं शेवटपर्यंत वाचून तुम्हीच ठरवा.

आधी एक सांगा, तुम्ही पहिली एस्प्रेसो कुठे प्यायलात? रोम-मिलान राहू द्या, खरं सांगा. मी प्यायले पुण्यात, मावसभावाच्या रिसेप्शनला. मांडवाच्या कोपऱ्यात एक चकचकीत उभा नळकांडा, त्याच्यामागे केटररचा घामाघूम पोरगा, आणि फुस्स करून येणारी वाफ. स्टीलच्या जगात दूध, इन्स्टंट कॉफी आणि भरपूर साखर. त्यात तो वाफेची नळी बुडवायचा, फेस वर आला की कपात ओतायचा आणि वरून कोकोची चिमूट. आम्ही त्याला 'एक्स्प्रेसो' म्हणायचो, 'क्स'वर जोर देऊन. पुढे युरोपात आल्यावर कळलं की त्या कपात एस्प्रेसोचा थेंबही नव्हता. तेव्हा थोडी लाज वाटली होती. आता वाटत नाही, कारण तो नळकांडा इतिहासाच्या दृष्टीने अगदीच खोटा नव्हता.

एस्प्रेसोची सुरुवात वाफेपासूनच झाली. तुरीनच्या आंजेलो मोरिओन्दोने १८८४ मध्ये वाफेवर भराभर कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. मिलानच्या लुईजी बेत्सेराने १९०१ मध्ये एकेका कपासाठी वेगळी कॉफी गाळायची युक्ती काढली, आणि ते हक्क विकत घेऊन देसिदेरिओ पावोनीने ती यंत्रं बाजारात आणली. त्यांचे जुने फोटो बघा. आजोळी मोरीत पितळी बंब बघितला असेल तर लगेच ओळख पटेल: उभा, पोट असलेला, खाली जाळ, वर झाकण, बाजूला तोट्या. इटालियन लोकांनी त्याच्या डोक्यावर गरुड वगैरे बसवला, एवढाच फरक.

पण बंबाच्या वाफेला मर्यादा असते. त्या यंत्रांत दाब साधारण दीड बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या दीडपट. तेवढ्यावर कॉफी लवकर होते, पण पाणी उकळत्याच्याही वर गेलेलं असल्याने ती करपते आणि कडू होते. जास्त दाब हवा तर जास्त वाफ हवी, जास्त वाफ म्हणजे आणखी गरम पाणी, आणि आणखी गरम म्हणजे आणखी कडू. या फेऱ्यातून सुटायचं तर दाब आणि उष्णता यांची गाठ सोडवायला हवी होती.

ती सोडवण्याचं श्रेय मिलानच्या आकिल्ले गाज्जाला मिळतं. व्हियाले प्रेमुदा या रस्त्यावर त्याच्या घरचा बार होता. १९३८ मध्ये त्याने पिस्टनचं पेटंट घेतलं: गरम पाणी वाफेने ढकलायचं नाही, पिस्टनने दाबायचं. तो पिस्टन स्क्रूसारखा फिरवावा लागायचा. मग युद्ध आलं. १९४७ मध्ये त्याने स्प्रिंग आणि लांब दांड्याचं नवीन पेटंट घेतलं. बारवाला दांडा खाली ओढतो, स्प्रिंग आवळली जाते, पाणी आत येतं. दांडा सोडला की स्प्रिंग आठ-दहा बारच्या दाबाने ते पाणी कॉफीतून ढकलते. दीडवरून थेट नऊच्या आसपास! कॉफीवर पहिल्यांदाच सोनेरी-तपकिरी फेसाचा थर आला. सुरुवातीला गिऱ्हाइकांना तो कपावर आलेला मळ वाटला. गाज्जाने त्याला 'क्रेमा' म्हणायला सुरुवात केली आणि तोच दर्जाचा पुरावा ठरला. (जर्मनीत राहणाऱ्यांनो, सुपरमार्केटमध्ये 'काफे क्रेमा' म्हणून मिळते ती मोठ्या कपातल्या पातळ कॉफीची पूड. शब्द स्थलांतर करतात तेव्हा असं होतं.)

गाज्जाच्या कथेत एक नाव बहुतेक वेळा गाळलं जातं. पिस्टनची कल्पना त्याच्याआधी क्रेमोनेसी नावाच्या एका तंत्रज्ञाची होती, आणि तो गेल्यावर त्याची पत्नी रोझेटा स्कोर्झा हिच्याकडून गाज्जाकडे आली, असं कॉफीचे इतिहासकार लिहितात. मशीनवर मात्र तिच्या नवऱ्याचं नाव नाही आणि तिचं तर नाहीच. 'एकट्या प्रतिभावंताने शोध लावला' अशी गोष्ट दिसली, की तिच्यामागे एखादी रोझेटा आहे का, हे शोधायची मला आता सवय लागली आहे.

आता घरगुती मशीनकडे येऊ. बारमधलं यंत्र म्हणजे अवजड धूड. पण १९५२ मध्ये गाज्जाने 'जिल्डा' काढलं, ते घरच्या ओट्यावर मावणारं होतं. नाव रीटा हेवर्थच्या सिनेमावरून. त्याच सुमारास फाएमा कंपनीचं 'फाएमिना' आलं. फाएमाने आधी गाज्जाचीच यंत्रं बनवली होती, पुढे दोघांचं फाटलं. १९६१ मध्ये ला पावोनीने 'युरोपिक्कोला' काढलं. माझ्याकडे आहे ते हेच. नावाचा अर्थ साधारण 'छोटी युरोप'. युरोपीय आर्थिक समुदाय स्थापन होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती, आणि विकायला 'युरोप' हा शब्द छान होता. १९६७ मध्ये स्वित्झर्लंडच्या इटालियनभाषक तिचिनोमधून 'क्रेमिना' आलं, ओलिंपिया कंपनीचं. दिसायला हिशेबनीसाच्या टायपरायटरइतकं गंभीर, आणि टिकायलाही तसंच.

युरोपिक्कोलामध्ये स्प्रिंगसुद्धा नाही. स्प्रिंग म्हणजे तुमचा हात. सातवी-आठवीत 'तरफ' शिकलात ना? इथे ती भेटते. पिस्टनचा व्यास जवळपास पाच सेंटीमीटर. तेवढ्या जागेवर नऊ बारचा दाब द्यायचा म्हणजे त्यावर पावणेदोनशे किलोचं पोतं ठेवल्यासारखं. दांडा लांब असल्यामुळे हाताला त्याचा छोटासा हिस्साच उचलावा लागतो. दांडा वर केला की बॉयलरमधलं पाणी कॉफीवर येतं. चार-पाच सेकंद थांबायचं, आणि मग सावकाश, वीस-पंचवीस सेकंदांत, खाली दाबायचं. घाई केलीत तर पाणी पळून जातं. पूड फार बारीक असेल तर दांडा हलतच नाही आणि मशीनच ओट्यावर पुढे सरकतं. आमच्या गावाकडच्या हापशासारखं आहे हे. कुणीही हापसू शकतं, पण प्रत्येक हापशाची एक खोड असते आणि ती घरच्याच माणसाला ठाऊक असते.

याच्या जुन्या मॉडेलमध्ये दाब आपोआप सांभाळणारं काही नव्हतं. एक जोराचा ताप, एक मंद ताप, दोन बटणं. पाणी तापून झडप फुसफुसायला लागली की आपण उठून बटण कमी करायचं. विसरलात तर फक्त सुरक्षा झडपेवर भरवसा. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर तिचा पहिला प्रश्न होता, "अगं, याची शिट्टी कुठाय?" अगदी मुद्द्याचा प्रश्न. हॉकिन्स कंपनी मुंबईत सुरू झाली १९५९ साली, म्हणजे युरोपिक्कोलाच्या दोनच वर्षं आधी. जगात दोन ठिकाणी एकाच काळात दाबाखालचं भांडं स्वयंपाकघरात येत होतं आणि घरच्या बाईला सांगितलं जात होतं, भिऊ नका, हे फुटत नाही. आमच्याकडे आजी कुकर लावला की स्वयंपाकघराबाहेर उभी राहायची, ती शेवटपर्यंत.

आता जर्मनी. मी इथे, श्टुटगार्टला, आले तेव्हा समजत होते की जर्मन लोक पूर्वीपासून एस्प्रेसो पीत असणार. शेजारचाच तर देश! पण नाही. जर्मन कॉफी म्हणजे गाळलेली कॉफी. १९०८ मध्ये ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झने कागदी गाळणीचं पेटंट घेतलं. (हिचं नाव मात्र राहिलं, कारण तिने कंपनी स्वतःच काढली.) पहिलं विजेवरचं घरगुती फिल्टर मशीन 'विगोमाट', तेही जर्मन, गॉटलोब विडमानचं, १९५४ चं. इथली कॉफी बसून, केक खात, दुपारभर प्यायची वस्तू. उभ्याने दोन घोटांत संपवायची नव्हे. बाहेर अंगणात बसलात तर एक कप मिळणारच नाही, किटलीच घ्यावी लागेल, या जुन्या कॅफेंच्या नियमावर इथले लोक अजून विनोद करतात.

शिवाय युद्धानंतर कॉफी ही चैन होती. पश्चिम जर्मनीत १९४८ पासून किलोमागे १० मार्क कर. आखेनच्या जंगलातून बेल्जियममधली कॉफी चोरून आणली जायची, लहान मुलंसुद्धा त्यात होती आणि गोळीबारात माणसं मेली. तिथल्या श्मिट नावाच्या गावातलं युद्धात पडलेलं चर्च पुन्हा उभं राहिलं, त्यात स्मगलरांनीही हात सैल सोडला, म्हणून लोक त्याला अजून 'सांक्ट मोका' म्हणतात. १९५३ मध्ये कर निम्म्याहून खाली आला आणि तो धंदा बसला. कर पूर्ण गेला नाही बरं का. आजही भाजलेल्या कॉफीवर किलोमागे २ युरो १९ सेंट तुम्ही भरताय, पावतीवर दिसत नाही एवढंच.

म्हणजे पन्नाशीच्या दशकात एखाद्या जर्मन माणसाने दांड्याचं यंत्र बघितलं असेल तर कुठे? बहुतेक वेळा आइसडीलमध्ये, म्हणजे इटालियन आइस्क्रीमच्या दुकानात. डोलोमाइट पर्वतातल्या झोल्डो आणि काडोरे या खोऱ्यांतली कुटुंबं पिढ्यानपिढ्या उन्हाळ्यात जर्मनीत येऊन आइस्क्रीम विकायची आणि थंडीत गावी परत जायची. युद्धानंतर या दुकानांत काउंटरवर क्रोमचं चकचकीत यंत्र आलं आणि त्यामागे दांडा ओढणारा इटालियन माणूस.

दुसरा रस्ता उलट दिशेचा. हाती पैसा आला तसे जर्मन लोक गाडी काढून ब्रेनर खिंडीतून गार्डा सरोवराला आणि रिमिनीला सुट्टीवर जाऊ लागले. तिथून चव घेऊन परत.

आणि तिसरा रस्ता, ज्यावर माझं सगळं लक्ष होतं. २० डिसेंबर १९५५ ला रोममध्ये जर्मनी आणि इटलीने कामगार भरतीचा करार केला. जर्मनीचा असा पहिलाच करार. मग स्पेन, ग्रीस, तुर्कस्तान वगैरे. या माणसांना 'गास्टआरबायटर' म्हणजे पाहुणे कामगार म्हटलं गेलं. वर्ष-दोन वर्षं काम करायचं आणि परत जायचं, त्यांच्या जागी नवे येतील, अशी मूळ कल्पना. पुष्कळ जण श्टुटगार्टच्या कारखान्यांत आले. राहायला बराकी, एका खोलीत चार-सहा जण, आणि रविवारी जायला दुसरी जागा नाही म्हणून मुख्य स्टेशनवर जमायचं. हे वाचताना मला माझ्या करारावरची तारीख आठवायची. दोन वर्षं, 'वाढू शकतो'. तुमच्यातल्या अनेकांच्या कागदावरही असंच काहीतरी असेल. तुलना फार ताणायची नाही, मला एसी असलेलं ऑफिस आहे आणि त्यांना फाउंड्री होती. पण पाहुणा म्हणून राहणं म्हणजे काय, हे थोडं कळतं.

तर, मी कार्ल्सप्लाट्झवरच्या शनिवारच्या जुन्या बाजारात युरोपिक्कोला बघितलं तेव्हा गोष्ट डोक्यात आधीच तयार होती. कुणी इटालियन कामगार साठी-सत्तरीच्या दशकात पै पै साठवून, कापडात गुंडाळून, रात्रीच्या ट्रेनने हे घेऊन आला असणार. बराकीतल्या ओट्यावर एवढाच घरचा तुकडा. मी लेखाचं शीर्षकही ठरवलं होतं. विकणाऱ्या आजींना विचारलं, हे कुणाचं? म्हणाल्या, वडिलांचं. ते कुठून आले होते? त्यांनी माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघितलं. "इथलेच की. दातांचे डॉक्टर होते." दरवर्षी गार्डाला जायचे, एका वर्षी हे घेऊन आले, पाहुणे आले की त्यांना करून दाखवायचे. दोनदा हात भाजला, मग कपाटात ठेवलं.

माझी गोष्ट तिथेच मोडली, आणि ती मोडली तेच बरं झालं. कारण नंतर नीट विचार केला तर आधीच लक्षात यायला हवं होतं. घरगुती दांड्याचं मशीन महाग होतं. त्याला चांगली दळणी लागते, ओट्यावर जागा लागते, स्वतःचं स्वयंपाकघर लागतं. बराकीतल्या माणसाकडे यातलं काय होतं? त्याच्याकडे असायचा तो मोका पॉट, आल्फोन्सो बियालेत्तीचा, १९३३ पासून बनणारा ॲल्युमिनियमचा अष्टकोनी डबा. स्वस्त, हलका, कुठल्याही शेगडीवर चालणारा. खिशात मोका पॉट घेऊन आलेला माणूस आणि डिकीत युरोपिक्कोला घेऊन आलेला डॉक्टर ब्रेनरवरून एकाच दिशेने येत होते. एक सुट्टी संपवून आणि दुसरा कामाला.

म्हणजे दांडा इटालियन माणूसच ओढत होता, पण आइसडीलच्या काउंटरमागे, पगारावर. घरी हौसेने दांडा ओढणारा जर्मन होता. रिसेप्शनच्या त्या वाफेच्या नळकांड्यामागचा पोरगाही मला इथेच परत आठवला. आम्ही रांगेत उभे राहून तीन-तीन कप प्यायलो, पण त्याने स्वतः एक तरी प्यायला का, हे आमच्यापैकी कुणी बघितलं नाही.

१९७३ साल यासाठी मजेशीर आहे. त्या वर्षीच्या 'लिव्ह अँड लेट डाय'मध्ये रॉजर मूरचा जेम्स बाँड भल्या पहाटे आलेल्या साहेबाला युरोपिक्कोलावर कॉफी करून देतो आणि साहेबाला एवढ्या खटाटोपाचं कौतुक काही वाटत नाही. दांड्याचं मशीन आता एकट्या, श्रीमंत, चवीच्या पुरुषाचं खेळणं झालं होतं. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला पश्चिम जर्मनीने परदेशी कामगारांची भरती थांबवली. आलेले बरेच जण परत जाण्याऐवजी राहिले, बायका-मुलांना बोलावून घेतलं, आणि बराकीतून स्वतःच्या स्वयंपाकघरात गेले. बॉनच्या इतिहास संग्रहालयात एक मोपेड ठेवली आहे. १९६४ मध्ये दहा लाखावा पाहुणा कामगार म्हणून आर्मांदो रॉद्रिगेस या पोर्तुगीज माणसाला ती कोलोनला स्टेशनवर भेट मिळाली होती. मोपेड ठेवली ते योग्यच, पण शेजारी काजळी धरलेला एखादा मोका पॉट असता तर मला जास्त आवडलं असतं.

मशीन मी घेतलंच, ८० युरोला. बंद पडलेलं होतं. आता तुम्हाला कुठे जुनं मशीन दिसलं तर तीन गोष्टी बघा. तळाच्या पट्टीवर व्होल्टेज वाचा. त्या काळात इटलीतही सगळीकडे एकच व्होल्टेज नव्हतं आणि अमेरिकेची मशीन ११० ची असतात. जुनं क्रेमिना असेल तर स्वतः उघडू नका. सुरुवातीच्या काहींत बॉयलरभोवती ॲस्बेस्टॉस गुंडाळलेलं असायचं, आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कायमची. तिसरं, रबराचे वायसर बदला. माझ्या मशीनचे दगडासारखे झाले होते, पण ते आजही नवे मिळतात, आणि कुकरची रिंग बदलता येणाऱ्या कुणालाही हे जमतं. आतला चुना मी लिंबूसत्वाने काढला, ढोकळ्यात घालतात तेच. दोन वेळा काळपट हिरवं पाणी निघालं, तिसऱ्यांदा स्वच्छ.

पहिल्याच आठवड्यात दाब पूर्ण उतरण्याआधी कॉफीचा दट्ट्या सोडवायची चूक केली आणि गरम चोथा छतापर्यंत उडाला. फ्लॅटमेट काही बोलली नाही, तिने फक्त शिडी आणून दिली. शिवाय दोन-तीन कपांनंतर पुढचा धातूचा भाग इतका तापतो, की चौथी कॉफी करपतेच. पाहुणे सहा असले तर सरळ चहा टाकते. दातांच्या डॉक्टरांनी ते कपाटात का ठेवलं, हे मला पूर्ण समजतं.

आत कॉफी बहुतेक वेळा आपलीच असते. भारतातली कॉफी सर्वांत जास्त घेणाऱ्या देशांत इटली आणि जर्मनी दोन्ही आहेत, आणि कर्नाटक-केरळातला रोबस्टा इटालियन मिश्रणांत जातो, कारण त्याने क्रेमा दाट येतो. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या 'इटालियन' पाकिटात चिकमगळूर किंवा कोडगूचं काही असण्याची शक्यता बरीच. पाकिटावर लिहिलेलं नसतं.

माझा करार मार्चमध्ये संपतोय. वाढला तर ठीक. नाहीतर, परवा वजनकाट्यावर ठेवून बघितलं, मशीन साडेपाच किलो भरलं. केबिन बॅगेत सात चालतं. उरलेल्या दीड किलोत लॅपटॉप बसतो, पण सिक्युरिटीवाल्यांना तो दांडा आणि बॉयलर समजावून सांगायला थोडा वेळ आधी पोचावं लागेल.